रेघ मी ओलांडली होती
खंडेनवमीच्या पूजेसाठी दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन सोल्जरांचा तो लांबट चेंडू तेल लावून पुसताना चामड्याचा वास आला, आणि सोबत्यांनी आयुष्यभर सांगितलेली खोटी गोष्ट पुन्हा टोचली. पहिल्याच डावात मी भिऊन उलटा पळालो, असे ते सांगतात. पलटणीतून परतताना तो चेंडू घेऊन आलेल्या माझ्या थोरल्या भावाने ज्वारी काढलेल्या रानात दोन्ही टोकांना राखेच्या रेघा ओढून बजावले होते, "चेंडू काखंत दाबायचा आन् पल्याडची रेघ वलांडायची." धसकटांनी पाय सोलत, तिघांना अंगावर घेऊन मी ती रेघ ओलांडली. पण आम्ही हुतूतू खेळणारी माणसे. आपल्या बाजूला परतल्यावाचून गडी जिवंत राहत नाही, एवढेच आम्हाला ठाऊक. म्हणून मी चेंडूसह तसाच माघारी धावलो. "आरं थांब की गड्या, जिकलास तू," भाऊ ओरडत होता, पण तोंडाने हुतूतू चालू असल्यामुळे मला ते ऐकू आले नाही. "भ्यालं रं, घराकडं पळालं," बाकीचे हसले. झटापटीच्या धुरळ्यात रेघेपलीकडे पडलेले माझे पाऊल एकट्या भावाने पाहिले होते. संध्याकाळी त्याने चेंडू मलाच देऊन टाकला. भिऊन पळालेल्याला कोणी चेंडू देतो काय? यंदा भाऊ नाही, म्हणून चेंडू कोयत्याशेजारी पूजेला ठेवून हे लिहायला बसलो.