चिंधीची कणसं

नगरच्या कचेरीत तीस वर्षं खुर्ची झिजवून सहादेवराव एकाहत्तर साली मिरजगावच्या शेतावर राहायला आले, तेव्हा कुठं शिवाराला कळलं की निसर्ग म्हणून काहीतरी असतं. ते खोपीत झोपत, सकाळी दवातून अनवाणी चालत, आणि जन्मभर अनवाणीच चाललेल्या माणसांना अडवून त्याचे फायदे सांगत. थोरल्या भावाच्या माघारी ते शेत एकटीनं करणारी मनकर्णावहिनी पदराआड हसायची आणि चहाला आधण ठेवायची.

पौषात त्यांनी कचेरीतल्या चौघांना हुरड्याला बोलावलं. वहिनी दही आणायला गावात गेली. इकडं सहादेवराव ज्वारीत शिरले, तर सगळ्यात भरदार कणसांना लाल लुगड्याच्या चिंध्या बांधलेल्या. पाहुण्यांसाठी वहिनीनंच खुणा करून ठेवल्या, असं त्यांच्या मनानं घेतलं. एकूण एक चिंधी सुटली, कणसं आगटीत गेली.

वहिनी परतली तेव्हा ते हुरडा चोळत मित्रांना सांगत होते, "निसर्गात राहिलं की आपोआप कळतं, कोणतं कणीस काढायचं."

वहिनीची नजर चिंध्यांच्या ढिगावर गेली. मग ती बसून दही वाढू लागली. गरम आहे तोवर खाऊन घ्या, एवढंच म्हणाली.

मंडळी एस.टी.ला गेल्यावर, शाबासकी मिळेल या आशेनं, त्यांनी विचारलं की वहिनी गप्प का.

"ती बियाची हुती, भाऊजी. तुमच्या भावानं लावून दिल्यालं बी. दरसाल अशीच राखती मी."

सहादेवराव राखेभोवती शोधू लागले. आगटीजवळ एक कणीस निसटलेलं सापडलं. तेही हिरवंच, बियाला निकामी. एवढं त्यांनाही कळत होतं. माफी मागायला तोंड उघडलं, पण दिवसभर इतकं बोलून झालं होतं की नेमका तोच शब्द सापडेना. चपला घालून खोपीत जाऊन बसले.

सकाळी चिंध्या गोळा करून ते वहिनीपुढे उभे राहिले. उरल्यातली बरी कणसं हेरून बांधतो म्हणाले.

"कणसं मी बगती," वहिनी म्हणाली. "तुमी चिंध्या धरा."

वहिनी पुढं, ओंजळभर चिंध्या घेऊन सहादेवराव मागं, अशी दुपारपर्यंत वरात चालली. बांधावरून कुणी दवाचे फायदे विचारले. त्यांनी मान वर केली नाही. वहिनीचा हात मागं आला की तेवढी एक चिंधी देत राहिले.