बेहड्यावरची ढोली

चौकीतले सगळे तिला 'दुर्बीण' म्हणत. सरकारी दुर्बीण गळ्यात असायचीच, पण ती तिला क्वचितच लागायची. दरीपलीकडच्या फांदीवर काही हललं की ही नुसत्या डोळ्यांनी सांगायची, खार आहे की वारा. अभयारण्यात वनरक्षक म्हणून एकोणीस वर्षं झाली, तरी बदलीचा अर्ज तिने एकदाही केला नव्हता. "माहेर पायथ्याशी, सासर डोंगरापलीकडे, आणि मी मध्येच लोंबकळतेय," असं ती हसत सांगायची.

तिच्या हद्दीत एक जुना बेहडा होता. त्याच्या बुंध्यात, तीन पुरुष उंचीवर, ढोली होती आणि दरवर्षी तिथे धनेश पक्ष्यांची जोडी घर करायची. धनेशाची रीत जगावेगळी. मादी ढोलीत शिरते आणि चिखलाने, विष्ठेने आतून तोंड लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढीच फट उरते. आत ती पिसं गाळते, म्हणजे मनात आलं तरी उडण्याची सोय नाही. तिचं आणि पिल्लांचं पोट नराच्या खेपांवर. तो नाही आला, तर आतल्यांचं काही खरं नाही.

दुर्बीण शंभर पावलांवर झुडपाआड बसून नराच्या खेपा वहीत टिपायची. ती वही धनेशांवर अभ्यास करणाऱ्या डॉक्टरबाईंकडे जायची. घरट्याची जागा कुणालाही सांगायची नाही, असा रेंजरसाहेबांचा हुकूम होता. तो हुकूम हिनेच त्यांच्या मागे लागून काढायला लावला होता.

तिच्या धाकट्या भावाचं पायथ्याशी चार खोल्यांचं गेस्टहाऊस होतं. आई लवकर गेली, तेव्हा त्याला हिनेच वाढवलेलं. त्याने 'ताई' म्हटलं की हिचं पाणी पाणी व्हायचं, आणि हे त्याला चांगलं ठाऊक होतं. एका दुपारी तो हेल्मेट हातात घेऊन चौकीच्या दारात उभा राहिला.

"ताई, दोन पाहुणे आलेत. तुझ्या त्या चोचवाल्याचा फोटो हवाय त्यांना. घरट्यावरचा."

"नाही."

"पाचच मिनिटं गं. मी शब्द देऊन बसलोय."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर नाहीच म्हणाली असतीस." तो हसला, मग हसू आवरून म्हणाला, "दोन महिने माझ्याकडे चिटपाखरू फिरकलेलं नाही, ताई. यांनी चार ठिकाणी चांगलं सांगितलं तर खोल्या भरतील."

ती उठली. भावाला आणि पाहुण्यांना घेऊन गेली. पाच मिनिटांचा पाऊण तास झाला. पण नर आला, उंबरं भरवून गेला, आणि 'झालं एकदाचं' म्हणून ती परतली.

दुसऱ्या दिवसापासून तिची नेमणूक डोंगराच्या दुसऱ्या अंगाला होती, वणवा अडवायच्या पट्ट्यातलं गवत काढायला. भावाला आता वाट माहीत झाली आहे, हे तिच्या मनात आलं होतं. त्याला एक फोन करावा, असंही आलं होतं. तिने केला नाही. उगाच भावावर संशय कशाला घ्यायचा!

नवव्या दिवशी ती बेहड्याकडे गेली. झाडाखालचं गवत तुडवून भुईसपाट झालं होतं. बुंध्यापासून दहा पावलांवर तंबूच्या खुंट्यांची भोकं होती. ढोलीचं लिंपण आतून फोडलेलं, त्याची ढेकळं खाली पडलेली. मादी खालच्या फांदीवर विटक्या पिसांनी बसली होती. दुर्बिणीने बांबूला आरसा बांधून ढोलीत पाहिलं. दोन पिल्लं होती. त्यांना मुंग्या लागल्या होत्या.

माणसांना बिचकून नर लांबूनच परत फिरत राहिला असणार. तिला हे कुणी सांगायची गरज नव्हती. ती तिथेच बसली आणि वहीत लिहिलं : 'उदमांजराचा हल्ला असावा.' अक्षर नेहमीसारखंच सरळ आलं, याचंच तिला पुढे फार नवल वाटत राहिलं.

डॉक्टरबाईंचा फोन आला. "तुम्ही लिहिलंय म्हणजे तसंच असणार," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला. पंधरा दिवसांत अभयारण्यातल्या धनेशांच्या सगळ्या झाडांना पत्रे गुंडाळले गेले आणि बुंध्यांपाशी पिंजरे लागले. तिसऱ्या सकाळी बेहड्याखालच्या पिंजऱ्यात उदमांजर सापडलं. त्याला दूरच्या डोंगरावर सोडून यायचं काम हिच्याकडेच आलं.

पिंजरा उचलताना तिने पाहिलं. गज चावून त्याचं तोंड रक्ताळलं होतं. ती मादी होती, आणि तिचे आचळ दुधाने भरलेले होते. जवळच कुठेतरी तिची पिल्लं असणार.

जीप खाली उभी होती. दुर्बिणीने पिंजरा तिथेच ठेवला आणि दार वर ओढलं. उदमांजर झुडपात दिसेनासं झालं. मग ती रिकामा पिंजरा घेऊन थेट रेंजरसाहेबांच्या खोलीत गेली आणि सगळं सांगून टाकलं.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "अहवाल वर गेलाय. आता तोंड उघडलंत तर तुमच्यासकट माझीही चौकशी निघेल."

"निघू दे साहेब. त्या मुक्या जिवाच्या माथी कशाला?"

डॉक्टरबाईंना तिने स्वतःच फोन लावला. "तुमच्या पाच वर्षांच्या नोंदी मला पुन्हा तपासाव्या लागतील," बाई म्हणाल्या. "तुमच्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे..." मग त्या थांबल्या. "नाही, त्यासाठीच."

त्या शिक्षेपुढे बाकीच्या शिक्षा तिला किरकोळ वाटल्या. पत्रे निघाले, पिंजरे निघाले, आणि तिची बदली पायथ्याच्या रोपवाटिकेत झाली. भावाच्या गेस्टहाऊसला नोटीस गेली. "परक्याने केलं नसतं ते सख्ख्या बहिणीने केलं," असं तो गावभर सांगत सुटला आणि त्याने बोलणं टाकलं. पुढच्या वर्षी बेहड्यावर धनेश आले नाहीत.

"चूक झाली, कबूल केलीस. आता किती दिवस कवटाळून बसणार?" नवरा म्हणायचा.

"माझं काय गेलं? बदली झाली फक्त," ती म्हणायची आणि पिशव्यांत माती भरत राहायची.

दीड वर्षाने एका सकाळी भाऊ रोपवाटिकेच्या फाटकाशी आला. दाढी वाढलेली. ती पिशवीत माती भरत राहिली.

"ताई, एक विचारू? ती पिल्लं भुकेने ओरडतात तेव्हा आवाज कसा असतो?"

तिने हातातली पिशवी खाली ठेवली. "का रे?"

"पहिले चार दिवस तंबूतून ऐकला मी. सारखा चालायचा. पाहुण्यांना म्हटलं, बघा, कशी गातायत." त्याने फाटकाची कडी घट्ट धरली. "पाचव्या दिवशी थांबला. मला वाटलं, झोपली असतील."

दुर्बिणीने रोपांच्या पिशव्या बाजूला सरकवल्या आणि त्याला ओट्यावर बसायला जागा करून दिली.