काळी दोनमधला डोझर

मी डोझरची चेन सुरात लावली. तबला लावतात तशी. हातोडीनं, कान देऊन, काळी दोनमध्ये.

दोष सगळा माझा नाही, थोडा धारवाडचाही आहे. आमच्या गल्लीत माणूस चिल्लर मोजतानासुद्धा बोटांनी ठेका धरतो. आणि मी तर कचेरीत फायली सरकवून उरलेल्या वेळात तबला शिकवणारा! सैल वाद्य दिसलं की माझे हात शिवशिवतात. (माझ्या बाकीच्या सैल कारभाराबद्दल बायको बोलते.)

डोझर माझ्या सासऱ्यांचा, अप्पांचा. अमरगोळला त्यांच्या घराशेजारच्या मोकळ्या जागेत उभा असतो. पार अळणावरपर्यंतची रानं अप्पांनी त्यावर बसून सपाट केली. आता अप्पाही थकले आणि डोझरही. तरी रोज संध्याकाळी चहाचा कप घेऊन ते त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसतात. दोघं काही बोलत नाहीत, पण त्यांचं जमतं. माझ्या मेव्हण्याला, विलासअण्णाला, मात्र ती जागा शेडसाठी हवी होती.

"अप्पा, देऊन टाका की आता बसण्णाला." बसण्णा म्हणजे हुबळीचा भंगारवाला.

"चालतं मशीन भंगारात घालतात काय रे?"

"चालतं कुठाय? नुसतं उभं आहे!"

शेवटी तह झाला. खंडेनवमीला पूजेनंतर गाड्यांच्या चाकाखाली लिंबं ठेवतात, तशी डोझरच्या दोन्ही चेनपुढं ठेवायची. दोन्ही लिंबं फुटली तर डोझर राहील, नाहीतर बसण्णा नेईल. अण्णाला इतकी खात्री होती, की त्यानं बसण्णाला प्रसादाचं आमंत्रणच देऊन टाकलं!

अडचण होती डाव्या चेनची. डोझर रणगाड्यासारखा चाकांभोवतीच्या चेनवर चालतो, आणि पुढच्या चाकामागं एक सिलिंडर असतो. त्यात ग्रीस भरलं की चाक पुढं सरकतं आणि चेन ताणली जाते. ग्रीस सोडलं की चाक मागं, चेन सैल. आमच्या सिलिंडरचं सील म्हातारं झालेलं. ग्रीस गळायचं आणि चेन लोंबायची. मेकॅनिकनं आदल्या दिवशी नवं सील बसवलं, पण खंडेनवमीला त्याच्या स्वतःच्या गॅरेजची पूजा! जाताना सांगून गेला, "ग्रीस भरायचं तेवढं राहिलंय. पण वरच्या बाजूला चेनला तीन बोटं झोळ ठेवा हं."

"मी भरतो," मी म्हणालो.

"तुम्ही?" माझी बायको वैजू म्हणाली. "अहो, तुम्हाला मिक्सरचं झाकण लागत नाही!"

"भरू दे की गं," अप्पा म्हणाले. बिचाऱ्यांना दुसरं होतं तरी कोण?

सकाळी मी ग्रीसगन घेऊन बसलो. दाबत गेलो तशी चेन वर उचलत गेली. बरोबर तीन बोटं झोळ राहिला तेव्हा मी थांबलो. खरंच थांबलो! मग सहज हातोडीनं चेनवर एक टिचकी मारली. 'भद्.' माझ्या अंगावर काटा आला. असला आवाज घेऊन मशीन लोकांपुढं जाणार? अजून थोडं ग्रीस. 'ठण्.' सुधारणा होती. अजून थोडं. 'टन्न!' काळी दोन! मी डोळे मिटून तोच सूर परत एकदा काढला.

"काय वाजवताय?" अण्णानं खिडकीतून विचारलं.

"चेन लावतोय."

"लावताय का बसवताय?"

या माणसाला संगीतातलं काही कळत नाही.

पूजा झोकात झाली. डोझरला झेंडूच्या माळा, पात्याला हळदकुंकू, समोर कोहळा फुटला. मी नवा झब्बा घातला होता, अण्णानं पांढरंशुभ्र धोतर. बसण्णा एका बाजूला हात जोडून उभा होता, पण नजर डोझरचं वजन करत होती. अप्पा स्वतः सीटवर चढले. चढताना गुडघ्यांवर हात ठेवले, पण बसल्यावर दहा वर्षांनी लहान दिसायला लागले.

इंजिन धडधडलं, काळा धूर निघाला, वैजूनं टाळ्या वाजवल्या. अप्पांनी गिअर टाकला. उजवी चेन फिरली आणि उजवं लिंबू फच्च! डावी चेन मात्र कण्हली, थरथरली आणि जागची हलेना. आता एक पाय चालतो आणि दुसरा खिळून राहतो, तेव्हा माणूस काय करतो? गोल फिरतो! डोझर डावीकडं वळायला लागला, आणि डावीकडं होता पूजेचा चौरंग!

"अप्पा, थांबा! नारळ! समई!"

अप्पांनी इंजिन बंद केलं. समई वाचली. डाव्या चेनपुढचं लिंबू मात्र पिवळंधमक, टवटवीत, जसंच्या तसं. बसण्णानं खिशातून फोन काढला.

"चेन कोणी एवढी ताणली?" अप्पांनी वरून विचारलं. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला.

"सुरात..." मी म्हणालो.

"कशात?"

"सोडतो, सोडतो! ग्रीस सोडतो!" मी पाना घेऊन खाली वाकलो.

"व्हॉल्व्हला एकच फेरा द्या! एकच! आणि तोंड बाजूला ठेवा!"

मी तोंड बाजूला ठेवलं. (म्हणून आज डोळे आहेत.) एक फेरा दिला. काहीच आलं नाही. जुनं ग्रीस घट्ट होऊन बसलं असणार. मग मी, कोणीही विचारी माणूस करील तेच केलं: अजून एक फेरा दिला. आणि अजून एक.

'फस्स्स्!'

काळ्या ग्रीसचा दोर माझ्या कानाजवळून गेला आणि अण्णाच्या धोतरावर नक्षी काढून मोकळा झाला. उरलेलं सगळं, म्हणजे बहुतेक सगळंच, माझ्यावर. झब्बा गेला, मिशी गेली, चष्म्यातून अमावास्या दिसायला लागली. तेवढ्यात वळताना तिरकी झालेली चेन एकदम सैल पडली, चाकावरून घसरली आणि खळ्ळकन पुढं कोसळली.

'फच्च!'

सगळ्यांनी वाकून पाहिलं. चेनखालून लिंबाचा रस वाहत होता.

"हे चालणार नाही!" अण्णा धोतर हातात धरून ओरडला. "मशीन कुठं चाललं? चेन पडली!"

"चेन कोणाची?" अप्पांनी विचारलं.

"डोझरची, पण..."

"लिंबू फुटलं?"

"फुटलं, पण..."

"अट लिंबू फोडायची होती. चालूनच फोडावं असं कोण म्हणालं होतं?" अप्पा खाली उतरले आणि डोझरच्या पात्यावर हात ठेवून उभे राहिले. "राहिला माझा डोझर. वैजू, चहा टाक. इथंच आण."

अण्णा पुटपुटत धोतर बदलायला गेला. वैजू माझ्याकडं पाहून इतकी हसली, की तिला पायरीवर बसावं लागलं. मी मात्र ग्रीस निथळत, काहीसा अभिमानानंच उभा होतो. शेवटी डोझर वाचला कोणामुळं?

अप्पांना बसण्णाची दया आली. "अरे, सणाच्या दिवशी आलास, मोकळ्या हातानं जाऊ नकोस," ते म्हणाले. "आमच्या जावयांना घेऊन जा."

बसण्णानं धंद्यातल्या सवयीनं मला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं, एकदा मागूनही फिरून आला, आणि मान हलवली.

"ब्याड अप्पा, नको. ह्यात लोखंड काहीच नाही. नुसतं ग्रीस आहे."