डाळिंबाच्या साली आणि माझी हुशारी

तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे घरात माझ्यापुढे कुणी तोंड उघडत नाही. मला ते आवडतंही, खोटं कशाला बोलू?

माझी धाकटी जाऊ वळसंगला असते. डाळिंबाचे दाणे काढायच्या शेडमध्ये ती कामाला जायची. हंगाम संपला की काम संपायचं, मग परक्याच्या रानात खुरपणी. शेडमागे सालींचा ढीग कुजत पडलेला बघून मीच म्हटलं, "अगं, सालीत टॅनिन असतं. कापडाचे रंगवाले याची भुकटी विकत घेतात, आणि तुम्ही फेकता?"

झालं, तिनं मनावरच घेतलं. तीन बायका जमवल्या. एका रंगवाल्यानं नमुना मागवला, भुकटी मात्र पिवळसरच हवी म्हणाला. पसंत पडली तर वर्षभर काम मिळणार होतं.

साली सावलीतच वाळवायच्या, असा मी हुकूम सोडला. धुतलेल्या साली ठेवायला जुन्या बाजारातून आचाऱ्याच्या दोन लोखंडी कढयाही आणून दिल्या. प्लॅस्टिक मला खपत नाही.

आठवड्यानं गेले तर भुकटी राखेसारखी करडी. माझं डोकंच फिरलं. "उन्हात टाकल्यास ना? सांगितलेलं एक ऐकशील तर शपथ!"

"न्हाय अक्का, सावलीतच हुत्या की," एवढंच म्हणाली आणि साली वाळवायच्या कापडाची घडी घालत बसली. डोळे भरलेले दिसत होते, तरी माझी टकळी चालूच.

पाणी प्यायला उठले तेव्हा कढईच्या तळाशी साचलेलं पाणी दिसलं. काळंकुट्ट. हिरड्याच्या पाण्यात हिराकस टाकून शाई करायचा प्रयोग मी दरवर्षी वर्गात दाखवायचे. हिरड्यात टॅनिन, हिराकशीत लोखंड. इथं सालीत टॅनिन, आणि लोखंड मी स्वतः पैसे मोजून आणलेलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सगळ्याजणींसमोर म्हटलं, "तुझं काही चुकलं नाही गं. माती मी खाल्ली."

ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. "शाई मातर लई झ्याक झालीया, अक्का." बाकीच्याही हसल्या, आणि मला इतकं बरं वाटलं की मीही पोट धरून हसले.

दुसरा नमुना स्टीलच्या पातेल्यांत केला. बेसनासारखी पिवळी भुकटी उतरली. गेल्या आठवड्यात रंगवाल्याचा फोन आला, नमुना पसंत पडला, दर महिन्याला माल पाठवा म्हणाला. मी तिथंच होते. आम्ही दोघींनी आधी चहा केला, साखर जरा जास्तच टाकून.

चहा पितोय तोवर शेजारच्या रानाचे मालक दारात आले. "उद्या खुरपायला ये गं," म्हणाले. आजवर तिनं त्यांना कधी नकार दिलेला नव्हता.

जाऊ उठली, कप खाली ठेवला. "उद्या न्हाय जमायचं, दादा," ती म्हणाली. "उद्या माझं काम हाय."