एकशे बारा फाटे

गोरेगाव पूर्वेच्या आमच्या ऑफिसात त्या दिवशी हेल्पलाइनचा फोन मीच उचलला, कारण फोन घेणारी मुलगी जेवायला गेली होती. आम्ही डायलिसिस केंद्रांसाठी सॉफ्टवेअर करतो. कुठल्या पेशंटला कुठल्या दिवशी, कुठल्या मशीनवर घ्यायचं, त्याची यादी ते बनवतं. फोनवर घाटकोपरहून एक बाई बोलत होती. तिच्या आईने नुकतंच केंद्र बदललं होतं आणि नव्या केंद्रातून तिला परत पाठवलं होतं.

"यादीत नाव नाही म्हणाले. नाव नाही म्हणजे काय हो? आता आयसीयूत आहे ती. छातीत पाणी भरलंय."

"मी बघते," म्हणाले. आणि बघून मला काही कळणार नाही, हे बोलतानाच माहीत होतं.

ती यादी एकच फंक्शन, म्हणजे कोडचा एकच तुकडा, बनवायचं. दोन हजार ओळींचं. माझ्या सिनियरनी ते लिहिलं होतं आणि तब्येतीमुळे त्यांनी नोकरी सोडल्यापासून ते माझ्याकडे होतं. त्यांच्या हाताखाली होते तेव्हापासून मी त्यात भर घालत आलेले. केंद्राने काही नवीन मागितलं की जागा शोधायची, 'असं असेल तर तसं कर' अशी एक अट घुसवायची, टेस्ट चालवायच्या आणि फाइल बंद करायची. वरपासून खालपर्यंत मी ते एकदाही वाचलं नव्हतं.

त्या दुपारी पहिल्यांदा त्याच्यावर कॉम्प्लेक्सिटी मोजणारं टूल चालवलं. कोडमध्ये वाट किती ठिकाणी फुटते ते हे टूल मोजतं. दहापर्यंत माणूस डोक्यात धरू शकतो, असं आमच्या धंद्यात मानतात. आमचा आकडा आला एकशे बारा.

मॅनेजरला दाखवला. "मोजून काय होणार? बग शोध," तो म्हणाला.

"वाचताच येत नाहीये. शोधू कुठे?"

"मग इतकी वर्षं काय करत होतीस गं?"

त्याने सगळ्या केंद्रांना फोन करून यादी त्यांच्या हाताने लिहिलेल्या वहीवरून तपासायला सांगितली, तेवढं बरं केलं. पुढचे दोन दिवस मी एकेक फाटा सुटा करायला बघत होते. एक सोडवला की तीन टेस्ट लाल, म्हणजे नापास. परत होतं तसं. दुसरा सोडवला, पुन्हा लाल. मधेच त्या बाईला फोन केला, तर आई व्हेंटिलेटरवर होती. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि उभी राहिले. आणखी कोणकोणत्या केंद्रात कुणाकुणाची पाळी गळली असेल, हे डोक्यातून जाईना.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळं कोड छापून घेतलं आणि वर्सोव्याला सिनियरच्या घरी गेले. ते कोळीवाड्यातलेच. अर्धांगवायूने उजवा हात गेलेला. त्यांची बायको दारात बोंबील वाळत घालत होती. सरांनी चष्मा लावला, तीन पानं वाचली आणि कागद खाली ठेवले.

"हे मी लिहिलंय? मला काही कळत नाहीये गं."

सगळं त्यांच्या डोक्यात असेल, या आशेवर आले होते. तिथेच रडू फुटलं. त्यांच्या बायकोने पाणी आणून दिलं आणि नवऱ्यावर डाफरली, "नीट वाच ना! पोरगी रडतेय."

मग त्यांनी पेन्सिल डाव्या हातात धरली. "एकेक घेऊ. हा फाटा का आहे, एवढंच विचारायचं."

आठवलं की समासात साधं वाक्य लिहायचो. 'मुलुंडची दोन मशीन फक्त कावीळवाल्यांसाठी.' 'सुट्टी आली तर पाळी आदल्या दिवशी.' दुपारपर्यंत लक्षात आलं, एकच वाक्य पाच-पाच ठिकाणी लिहिलं जातंय. एकच गोष्ट आम्ही पाचदा घुसवली होती, आधीची सापडली नाही म्हणून.

एकतिसाव्या पानावर त्यांची पेन्सिल थांबली. पेशंटने केंद्र बदललं आणि त्याच आठवड्यात सुट्टी आली, तर जुन्या केंद्रातली पाळी पुसली जात होती. नव्या केंद्रात लिहिली जात नव्हती.

"हा माझा नाही," सर म्हणाले.

शेजारी तारीख होती आणि माझी आद्याक्षरं. तो दिवस मला आठवतसुद्धा नव्हता.

"एवढ्या गर्दीत मलाही दिसलं नसतं," ते म्हणाले. मला त्याने काही बरं वाटलं नाही.

चूक त्याच संध्याकाळी दुरुस्त झाली. चार ओळी. नंतर तीन आठवडे लावून समासातल्या एकेका वाक्याचं छोटं फंक्शन केलं, नाव वाचूनच कळेल असं. सगळ्यात मोठ्याचा आकडा आता नऊ आहे. मॅनेजरने मीटिंगमध्ये तो सगळ्यांना दाखवला, टाळ्या झाल्या. दोन फाटे का आहेत ते सरांनाही आठवलं नाही. ते तसेच ठेवलेत, वर लिहून की कारण माहीत नाही.

ती आई वाचली. घरी आली, पण चालणं गेलं. तिच्या मुलीने फोनवर हे सांगितलं तेव्हा मी म्हणाले, "ती चूक माझ्या हातून झाली होती."

तिच्या मागे टीव्ही चालू होता.

"कळलं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. नंतर दोनदा केला मी. तिने उचलला नाही.