काचीगुड्याच्या गच्चीवरच्या उदगीरकर बाई

पुरातत्त्वज्ञ डॉ. मालतीबाई उदगीरकर यांना मी पहिल्यांदा पाहिले ते हैदराबादेत, काचीगुड्यातल्या त्यांच्या गच्चीवर, उकळत्या पातेल्यापुढे. पीएच.डी.साठी मार्गदर्शन मागायला मी गेलो होतो. पातेल्यात बकऱ्याचे पाय शिजत होते. “ढवळू नकोस, नुसता जाळ बघ,” असे म्हणून बाई आत गेल्या आणि माझ्यासाठी पोहे घेऊन आल्या. त्या वासात ते पोहे मी कसे संपवले, ते मलाच ठाऊक.

बाई उदगीरकडच्या शेतकरी घरातल्या, जन्माच्या शाकाहारी. पण उत्खननात सापडलेला हाडाचा तुकडा शेळीचा की हरणाचा, हे ठरवायला ओळखीच्या जनावरांची हाडे शेजारी लागतात. तो संग्रह बाईंनी स्वतः जमवला; मांस सुटून हाडे मोकळी व्हावीत म्हणून ते पातेले. खाटकाच्या दुकानापुढे पदर सावरून उभ्या राहत आणि सांगत, “भाई, हड्डी तोडो नक्को, पूरी होना.”

मी बाईंकडे संशोधनाला लागलो त्याच वर्षी घरमालक राजय्यांनी त्यांना घर सोडायला सांगितले. “मॅडम, नीचे के किराएदाराँ पूछ रैं, ऊपर क्या पक रा बोलके.” बाईंनी वाद घातला नाही. त्यांना चहाला वर बोलावले आणि समोर बैलाच्या खुराजवळचे, हजारो वर्षांपूर्वीचे एक हाड ठेवले. ओझे ओढून ओढून ते एका बाजूने कसे वाढले आहे, ते दाखवले. राजय्यांच्या वडिलांची गावी शेती होती. ते हाड त्यांनी बराच वेळ हातात धरून ठेवले. “हमारे बैल का पाँव भी ऐसाइच था,” ते म्हणाले. मग हाड परत ठेवत म्हणाले, “पकाओ नक्को मॅडम. पीछे की जमीन में गाड लेव.” तेव्हापासून हाडे मडक्यात घालून परसात पुरली जाऊ लागली. मातीच ती साफ करी. वास गेला आणि घर राहिले.

बाईंचा काटेकोरपणा काहींना जाचला. एका उत्खननाच्या प्रमुखांना सापडलेला दात घोड्याचाच हवा होता. इतक्या जुन्या काळी इथे घोडा होता, ही मोठी बातमी झाली असती. बाईंनी अहवालात लिहिले, ‘घोडा की गाढव, सांगता येत नाही.’ प्रमुख रुसले. बाईंनी त्यांना घरी जेवायला बोलावले, वरणफळे वाढली, पण अहवालातला शब्द बदलला नाही.

माझ्यावरचे त्यांचे ऋण वेगळेच आहे. वडिलांना अर्धांगाचा झटका आला आणि बेगम बाजारातल्या आमच्या मसाल्याच्या दुकानावर मला बसावे लागले. संशोधन सोडतो, असे मी बाईंना कळवले. दोन दिवसांनी त्या दुकानात हजर. मिरचीच्या पोत्यावर बसून, शिंकत शिंकत त्यांनी माझ्या प्रबंधाचे लिहून झालेले प्रकरण तपासले. पुढे दुपारी गिऱ्हाईक कमी असे, त्या वेळी त्या येत राहिल्या.

थोडे बरे होऊन दुकानात येऊन बसू लागलेल्या वडिलांनी एकदा अडखळत विचारले, “बाई, हाडांचं शिकून हा करणार काय?”

“ते मलाही नक्की सांगता येत नाही, काका,” बाई म्हणाल्या. “पण याचं काम चांगलं आहे. अर्ध्यावर सोडलं तर याला आयुष्यभर रुखरुख लागेल.”

दुसऱ्या दिवसापासून दुपारी वडिलांनी स्वतःची खुर्ची गल्ल्याशी ओढून घेतली आणि मला मागच्या खोलीत लिहायला पाठवले. प्रबंध पुरा झाला. वडिलांनी तो पाहिला, एवढे समाधान बाईंमुळे माझ्या वाट्याला आले.

आता बाई पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. या हिवाळ्यात बाई, मी आणि संशोधन करणाऱ्या काही मुली असे आम्ही नव्या उत्खननाला निघालो आहोत. बाईंच्या दुखऱ्या गुडघ्यांकडे बघून मी त्यांना जीपमधली पुढची जागा देऊ केली. “पुढे बसून नुसता रस्ता दिसतो रे,” त्या म्हणाल्या, “मी मागे पोरींमध्ये बसते. त्यांनी काय वाचलंय ते तरी कळेल.” बाईंच्या गुडघ्यांना बळ मिळो, नजर अशीच तीक्ष्ण राहो, आणि आमच्या पोरींना वाटेत उत्तरे सुचोत.