दारातला रांजण

चीनमधल्या चोंगचिंगच्या खालच्या पेठेत, नदीवरून वर चढणाऱ्या पायऱ्यांच्या कडेला दोरवाल्यांची गल्ली होती. गल्लीच्या तोंडाशी चहाचं दुकान. तिथे बसलं की कुणाच्या घरी काय शिजतंय, कुणाची सून कुणाशी बोलत नाही आणि आज विमानं येणार की नाही, ही सगळी खबर एकाच किटलीतून मिळायची. विमानांची खबर बहुतेक वेळा चुकायची. बाकीची कधीच नाही.

या दुकानात सगळ्यांच्या तोंडी असलेला आणि स्वतः तोंड न उघडणारा माणूस म्हणजे आकडीवाला श्यांग. लढाईआधी तो घरं बांधायचा. खडकाला पाठ लावून बांबूच्या उंच पायांवर उभी राहणारी कुडाची घरं. या गल्लीतली निम्मी त्याच्याच हातची. कुठला खांब काढला की घर कुठल्या अंगाला बसेल हे त्याला ठाऊक, म्हणून लढाई आल्यावर गल्लीच्या अग्निदलानं त्याच्या हातात आकडी दिली. म्हणजे लांबलचक बांबू आणि टोकाला लोखंडी हूक. जपानी विमानं आग पेरून गेली की बाकीचे हातबंब घेऊन आगीकडे धावायचे आणि श्यांग आगीच्या पुढे. पुढचं चांगलं उभं असलेलं घर ओढून पाडायचं, बांबू बाजूला ओढायचे, म्हणजे आगीला खायला काही उरत नाही. पाणी नदीवरून खांद्यावरच्या कावडींनी वर यायचं. त्या पाण्याच्या भरवशावर कुठली आग थांबणार? आग थांबायची ती आकडीनं.

"बांधताना अख्खा पावसाळा लावलास," शेजारची खुआंगमावशी त्याला ऐकवायची. "पाडायला मात्र चहा निवेपर्यंत."

"बांधलंच तसं होतं, मावशी," चहावाला म्हणायचा.

"तू गप रे. तुझ्या चहात तुरटीच जास्त असते."

श्यांग चहा प्यायचा. चेहऱ्यावर माशी बसली तरी ती उठवायची तसदी घ्यायचा नाही.

लोकांनी त्याच्यावर पैजासुद्धा लावल्या. एकदा चहावाल्यानं त्याच्या शेवयांत इतकी लाल मिरची ओतली की शेजारच्या बाकावरच्या दोघांच्या डोळ्यांतून पाणी आलं. सगळं दुकान टक लावून बसलं. श्यांगनं वाटी संपवली, काठाला लागलेलं बोटानं पुसून खाल्लं आणि विचारलं, "आणखी आहे?" पैज लावणारे हिरमुसून घरी गेले. तेव्हापासून गल्लीत नक्की झालं, की श्यांगची जीभ मेली आहे. कधी मेली हेही सगळ्यांना ठाऊक होतं. ते मात्र किटलीतून कुणी ओतलं नाही.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. त्यांचं घर तेव्हा खाली, घाटाजवळच्या बोळात होतं. बॉम्ब पडले, आग लागली. श्यांगची बायको यिन घाटावर कपडे धूत होती. त्यांची मुलगी रुइफांग, लग्नाच्या वयाची, घरातून खाराची बरणी कवटाळून खाली पळत आली, आईच्या पायाशी बरणी ठेवली, "कोंबडी राहिली," म्हणाली आणि परत वर गेली. त्याच वेळी बोळाच्या तोंडाशी दलाचा म्होरक्या त्साओ ओरडला, "इथेच तोडा." श्यांगनं तोंडावरचं घर ओढलं. वरची सगळी पेठ वाचली. बोळ आगीच्या अंगाला राहिला. रुइफांग तेव्हा आत पोहोचली होती की नव्हती, हे कुणी विचारलं नाही. श्यांगनंही कुणाला काही सांगितलं नाही.

त्या दिवसापासून यिननं नवऱ्याला हाक मारणं सोडलं. भांडण झालं होतं अशातला भाग नाही. आधी ती त्याला 'रुइफांगचे बाबा' म्हणायची. आता ते म्हणता येईना, आणि एवढ्या वर्षांनी दुसरं कुठलं नाव तोंडात बसेना. मग ती नुसती त्याच्यासमोर जाऊन उभी राहायची आणि म्हणायची, "जेवायचंय." किंवा, "तांदूळ संपलाय."

बरणी मात्र राहिली. आता हा खार म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी विरजण सांभाळलं जातं त्यांना वेगळं सांगायला नको. मिठाच्या पाण्यात मोहरीचा पाला आंबवायचा, पाला खायचा, पाणी ठेवायचं, त्यातच पुन्हा नवा पाला. यिनचा खार तिच्या आजीचा. लग्नात सोन्याऐवजी ती तो घेऊन आली होती. अशा खारात कच्चं पाणी चालत नाही, तेलकट हात तर मुळीच नाही, आणि हात घालायचा तो घरातल्या एकाच माणसानं, ज्याच्या हाताला गुण असेल त्यानं. त्या घरात तो हात रुइफांगचा होता. ती गेल्यावर यिन लाकडी पळीनं पाला काढायची. स्वतःचा हात तिनं खारात घातला नाही.

घाटाजवळ राहत असल्यापासूनच शेजारणी वाटी घेऊन थोडा खार मागायला यायच्या. यिनची कारणं तयार असत. आज खार हलवलाय. आज आभाळ आहे. आज मला शिंका येतायत. खुआंगमावशी तर वरच्या गल्लीतून खाली उतरून किती वेळा हात हलवत परत गेली. शेवटी ती गल्लीभर सांगत सुटली, "तिच्या लोणच्याला हमालाच्या पायाचा वास येतो. फुकट दिलं तरी नको." दोघींचं बोलणं बंद झालं. पुढे दोघींच्या मधली भिंत एकच झाली, त्यामुळे टोमणे मात्र पोचत.

घर जळाल्यावर श्यांग-यिन दोरवाल्यांच्या गल्लीत मावशीच्या शेजारच्या एका खोलीत आले. खोलीत पाय पसरायला जागा नाही. आणि त्याच सुमारास हुकूम निघाला, की प्रत्येक घरानं दारात पाण्यानं भरलेला रांजण ठेवावा, आग लागली तर बंबाला. यिननं रांजण आणला, दारात ठेवला आणि बरणीतला सगळा खार त्यात ओतून, मिठाचं पाणी आणि पाला घालून वाढवला. वर लाकडी झाकण, झाकणावर दगड. खारही वाढला, हुकूमही पाळला गेला.

गल्लीप्रमुख तान दर पंधरवड्याला काठी घेऊन रांजण तपासायला निघायचा. सगळ्यांची झाकणं उचलायचा. यिनच्या दाराशी आला की काठीनं नुसतं टकटक करायचा.

"वहिनी, पाणी काय म्हणतंय?"

"निवळतंय."

आणि तानच्या कोटाखालून एक झाकलेली वाटी त्याच्या घरी जायची. अख्ख्या गल्लीला वासावरून कळत होतं, पण चुगली कुणी केली नाही. मावशीनंसुद्धा नाही, याचं चहावाल्याला तेव्हाच नवल वाटलं होतं.

तर त्या दिवशी, जेवणं आटोपत होती तेव्हा, टेकडीवरच्या खांबावर, विमानं निघाल्याची खूण म्हणून, पहिला लाल गोळा चढला. लोकांनी भांडी झाकली, गाठोडी उचलली. दुसरा गोळा चढेपर्यंत बहुतेक गल्ली खडकातल्या भुयारात शिरली. यिनही गेली. जाताना रांजणावरचा दगड नीट सरकवून गेली. मावशी गेली नाही. तिचे गुडघे धरलेले होते आणि ती म्हणायची, भुयारात लोकांचे श्वास वापरलेले असतात.

विमानं आली, गेली. धूर खालच्या अंगाला उठला. कासाराचं दुकान पेटलं, मग दोरांची वखार. दोर पेटला की विझत नाही. हातबंबाच्या दोन्ही दांड्यांवर माणसं जुंपली. बंब दारादारातले रांजण पीत वर सरकत होता आणि आग त्याच्या मागोमाग तेवढ्याच पायऱ्या चढत होती. चहावाल्याचा रांजण गेला. तानचा गेला, त्यात निम्मंच पाणी निघालं, पण तेव्हा कुणाला हसायला वेळ नव्हता. नंतर भरपूर हसून घेतलं.

मावशीच्या घराच्या खालच्या अंगाला दोन घरं उरली तेव्हा बंब कोरडा झाला. कावडीवाले अजून घाटावरच होते.

"एक आहे की," त्साओ म्हणाला. "श्यांग, तुझ्या दारातला."

"त्यात पाणी नाही."

त्साओनं त्याच्याकडे बघितलं. त्याच्याही घरी ती वाटी कधीतरी गेली असणार, कारण त्यानं पुढे काही विचारलं नाही. "मग आकडी लाव," तो म्हणाला. "मावशीचं घर. इथेच तोडू."

मावशी दारातच उभी होती. "लाव," ती म्हणाली. "तूच बांधलंयस. दार तसंही नीट लागत नव्हतं."

"मावशी, बाहेर या," श्यांग म्हणाला.

"गुडघे धरलेत. तू ओढायला लाग, मी येते."

श्यांगनं आकडी वर केली. खालून तिसरा खांब, त्याच्या माथ्याशी आडवं लाकूड; हूक तिथे अचूक बसला. आता फक्त मागे सरायचं होतं. त्याला काही वाटलं असं नाही. नंतर लोकांनी पुष्कळ रंगवलं, की त्याच्या डोळ्यांपुढे मुलगी आली, हात थरथरले. काही आलं नाही, काही थरथरलं नाही. हात नुसते ओढेनात. दाराच्या कडीला गंज चढावा तसे. त्यानं वाट पाहिली, की ओढतील. मग आकडी तशीच लटकत सोडली आणि तो स्वतःच्या दाराशी गेला.

दगड काढला, झाकण काढलं. बंबवाल्यांनी घाईनं नळी खारात सोडली, दोन दांड्या मारल्या आणि बंबाच्या तोंडातून शिंक यावी तसा फस्सकन आवाज झाला. मोहरीचा पाला नळीत अडकला होता.

"अरे, हे काय पाजतोस त्याला?" दांडीवरचा एक जण म्हणाला.

श्यांगनं तांदूळ धुवायची रोवळी आणली. काजळीनं आणि बंबाच्या तेलानं काळे झालेले दोन्ही हात त्यानं कोपरापर्यंत खारात घातले. पाला मुठी मुठी उपसून पायरीवर टाकला. नळीचं तोंड रोवळीत बसवलं, रोवळी रांजणात दाबून धरली आणि म्हणाला, "ओढा."

खारानं आग विझते. पाण्यासारखीच विझते, फक्त वास येतो. खालच्या भिंतींवर खार पडला आणि सगळ्या गल्लीत भाजलेल्या लोणच्याचा असा घमघमाट सुटला, की भुयाराच्या तोंडाशी बसलेल्या पोरांनी आपापल्या आयांना विचारलं, आज काय केलंय. आग तेवढ्यानं मेली नाही, पण अडखळली. कावडीवाले पायऱ्या चढून आले. मावशीच्या घराची एक भिंत काळी झाली, एवढंच. आकडी संध्याकाळपर्यंत तिच्या छपराला लटकत होती.

भुयारातून लोक परतले. यिन दाराशी आली. रांजणात डोकावली. पायरीवर राख बसलेला पाला होता. तिनं श्यांगच्या हातांकडे पाहिलं. कोपरापर्यंत खार वाळून पांढरा झाला होता, त्याखाली काळं. तिनं खराटा घेतला, पाला एका जागी केला आणि नदीच्या बाजूला लोटून दिला. मग आत जाऊन तांदूळ निवडायला बसली.

कावडीवाल्याला सांगून तिनं दुसऱ्या दिवशी रांजण पाण्यानं भरून घेतला. तान काठी घेऊन आला, सवयीनं टकटक केली.

"पाणी काय म्हणतंय, वहिनी?"

"झाकण उघडून बघा."

त्यानं उघडलं. पाणी होतं. तोंड एवढंसं करून गेला.

घरात यिन आता 'जेवायचंय' असंही म्हणेना. वाटी ठेवायची, उठून जायची. श्यांग जेवायचा. चहाच्या दुकानात त्याला कुणी छेडेना, त्यामुळे दुकानच पडल्यासारखं झालं. एका दुपारी चहावाला न राहवून म्हणाला, "श्यांगदादा, तिला सांग तरी काहीतरी."

"काय?"

 चहावाल्यानं किटली पुन्हा भरली.

पुढे काही दिवसांनी सकाळीच खुआंगमावशी यिनच्या दारात आली. हातात पदराखाली काहीतरी झाकलेलं. आधी उंबऱ्याकडे बघून म्हणाली, "तुझा झाडू बघ, माझ्या दारात कचरा येतो."

यिन तांदूळ धूत होती. मान वर केली नाही.

"ही बरणी कुठे ठेवू?"

"कसली?"

"तुझ्या पोरीनं दिलेली." मावशीनं बरणी तांदळाशेजारी ठेवली. "गेल्या वर्षीच्या वसंतात, तुम्ही खाली घाटाजवळ होतात तेव्हा. खार मागून मागून माझं तोंड दुखलं, म्हणून ती हळूच माझ्याकडे आली. 'आईला सांगू नका,' म्हणाली. मी कशाला सांगते? त्याआधी गल्लीभर सांगून बसले होते ना, फुकट दिला तरी नको म्हणून. आता कुठल्या तोंडानं बोलणार? रोज रात्री दार लावून खाते."

"पायाचा वास येतो म्हणत होतीस."

"येतोच थोडा."

यिननं झाकण उघडलं. वाकून वास घेतला. बराच वेळ ती तशीच वाकून होती. मावशी भिंतीला धरून उभी राहिली, बसायला कुणी सांगितलं नाही तरी.

"यात हात कुणाचा जातो?" यिननं विचारलं.

"कुणाचा जाणार? चिमट्यानं काढते. पोरगी बजावून गेली होती, हात घालू नका म्हणून. माझ्या हातावर तिचा भरवसा नव्हता. आईवर गेली होती."

यिननं भांड्यातल्या पाण्यात हात धुतले. पुसले. वाळू दिले. मग मनगटापर्यंत हात बरणीत घातला, जुना पाला वर केला आणि खाली नवा सरकवला. मावशी कधी गेली हे तिला कळलं नाही.

श्यांग दुपारी आला. यिननं भाताची वाटी ठेवली आणि वाटीच्या कडेला मोहरीच्या पाल्याचा एक तुकडा. उठून गेली नाही, समोर बसून राहिली. श्यांगनं तुकडा तोंडात टाकला, चावला.

"कसा झालाय?"

"मुरलाय चांगला," श्यांग म्हणाला. "पहिल्यासारखा."

यिन त्याच्याकडे बघत राहिली.

"रुइफांगचे बाबा," ती म्हणाली, "आज सकाळीच टाकलाय तो. अजून कच्चा आहे."

श्यांगचं चावणं थांबलं. मग पुन्हा सुरू झालं. त्यानं तुकडा गिळला, भाताचा घास घेतला आणि वाटी तिच्यापुढे सरकवली. तिनं आणखी एक तुकडा घातला.

भात संपायच्या आत टेकडीवर लाल गोळा चढला. यिननं बरणीला फडकं बांधलं, ती काखेत घेतली आणि भुयाराच्या पायऱ्यांना लागली. श्यांगनं भिंतीशी टेकवलेली आकडी उचलली.